घरमालक

सिनेमातलं माझं स्वयंपाकघर
माझ्या स्वयंपाकघरापेक्षा नीटनेटकं आहे.
मोरकमच्या बंद पडलेल्या बिंगो हॉलमध्ये
सुतारांनी ते चार दिवसांत उभं केलं:
तीच पिवळी फरशी, तसलीच शेगडी,
खिडकीबाहेर कापडावर रंगवलेला उपसागर.
फक्त नळ डावीकडे लावलाय.
मी बोललो नाही. एक्क्याऐंशीव्या वर्षी
माणसाने नळावरून भांडू नये.

माझी भूमिका करणारा जतिन लेस्टरचा.
दात माझ्यापेक्षा चांगले, धीरही जास्त.
विचारतो, केनला पहिल्यांदा पाहिलंत
तेव्हा हात कुठे होते तुमचे?
खिशात, बाबा. नोव्हेंबर होता.
आणि खिशात तीन पौंड, आठवड्याचं भाडं.

दिग्दर्शिकेला, इमोजेनला, तिथे पाऊस हवाय.
टँकर आलाय, दोन माणसं नळी धरून उभी.
त्या दिवशी चक्क ऊन होतं. ओहोटी,
आणि पाणी इतकं लांब गेलेलं
की समुद्र म्हणून बोट दाखवायला काही नव्हतं.
केन पियानो जुळवायचा.
दार उघडून तो म्हणाला,
तिसरी पायरी करकरते, सांभाळून.
एवढंच.
यावर सिनेमा होत नाही, कबूल आहे.

वर्षभर मी भाडं दिलं.
मग एका शुक्रवारी त्या तीन नोटा
मला माझ्याच कोटाच्या खिशात परत सापडल्या.
आम्हाला लग्नाचा वाढदिवस असेलच
तर तो शुक्रवार.

कऱ्हाडला वत्सूला लिहायचो:
इकडे सर्व क्षेम. घरमालक स्वभावाने बरे आहेत.
घरमालकांना खोकला होता, आता उतार पडला.
रविवारी घरमालकांबरोबर टेकडी चढून आलो.
चार कादंबऱ्या लिहिल्या मी मराठीत,
माणसं एकमेकांना काय काय म्हणतात त्यांत,
आणि एकतीस वर्षं
एका माणसासाठी मला हाच शब्द पुरला.
वत्सू पत्राच्या तळाशी लिहायची,
घरमालकांस नमस्कार.
एकदा कुणाबरोबर मेतकूट पाठवलं, पुड्या दोन.
एकीवर माझं नाव. दुसरीवर काहीच नाही.

केन गेला तेव्हा तिला कळवलं:
घरमालक वारले. पुढे घराचं काय, ते बघतो आहे.
उत्तर दीड महिन्याने आलं.
"मी दहा दिवस देवाला हात लावला नाही.
यांना सांगितलं, पाठ धरलीय, वाकवत नाही.
तू वेळेवर जेव."

बातमी उशिरा पोचली तर तीन दिवसांत फिटतं.
आणि शास्त्र विचारलं असतं
तर तिला एका दिवसाचंही सुतक नव्हतं.

इमोजेनला हे समजावून सांगितलं, जमेल तसं.
ती म्हणाली, म्हणजे बहीण देवावर रागावली होती?
मी जरा वेळ खिडकीतला कापडी समुद्र बघितला.
म्हटलं, हो, तसंही म्हणता येईल.
तो प्रसंग पुढे कापलाच. पैसे संपत आले होते.

आज हॉस्पिटलचा शॉट.
कॉटवर कुणी परका केन होऊन निजलाय,
कान बरेच लहान आहेत त्याचे.
जतिनला मराठीत एकच वाक्य:
काळजी करू नकोस.
प्रेस्टनहून उच्चार शिकवायला बाई आल्यात.
ळ, त्या म्हणतात, जीभ मागे वळवा, वर टेकवा.
जतिन म्हणतो, कालजी.
पुन्हा. कालजी.
पुन्हा.
माझ्या कानांवर हेडफोन घातलेत,
आणि मी खुर्चीचा दांडा धरून बसलोय,
कारण स्वेटर चढवून मी बाहेर निघालो
की जिन्यावरून रोज हाच आवाज यायचा,
हाच चुकलेला ल:
कालजी घे.
पियानोची एक तार जरा उतरली तरी
अंगावर काटा यायचा त्याच्या,
पण हे अक्षर त्याने कधी जुळवलं नाही.

बाराव्या टेकला जतिनचा ळ अगदी स्वच्छ आला.
बाईंनी डोळे मिटले. हॉलभर टाळ्या.
इमोजेनने माझ्याकडे पाहून अंगठा वर केला.
मी हेडफोन काढले.
म्हटलं,
अकरावा ठेवा.