कृपया फुले तोडू

आज नववा दिवस.
काड्यापेटी सादळली, पापड मऊ पडले,
मिठाच्या बरणीत छोटंसं तळं.
पुढचं दार असं फुगलंय
की खांदा दिल्याशिवाय लागत नाही,
आणि लागलं की उघडत नाही.
खोलीभर दोऱ्या. दोऱ्यांवर ह्यांचे पायजमे,
माझे परकर, नातवाचा एकुलता पायमोजा.
पंखा तीनवर. घराला ओल्या कुत्र्याचा वास,
कुत्रं नसताना.

खडकवासल्यातून पाणी सोडलं म्हणे.
भिडे पूल पुन्हा बुडाला,
लोक झेड पुलावर उभे राहून बघतायत, कणसं खात.
मला कुठं जायचंय?
मी छत्री उघडते आणि आठ पावलं चालते,
जिन्याखालून बागेत.

बाग म्हणजे किती, तर
दोन गाड्या लावता आल्या असत्या एवढी.
(सोसायटीच्या दर मीटिंगला कुणीतरी हे म्हणतंच.)
पण आज तिच्याकडे बघावं.
तेरडा कुणी लावला नव्हता, आपला आलाय,
रेशनच्या रांगेसारखा, एकाला एक चिकटून,
गुलाबी, जांभळा, मधेच एक पांढरा,
नाव नोंदवायचं राहून गेल्यासारखा.
कर्दळ फाटलीये, पण लाल आहे.
लिलीचे कांदे मेले म्हणून
मेमध्ये कुंडीसकट टाकणार होते,
ते एका रात्रीत वर आलेत.
माझं बोलणं ऐकलं असणार.
सोनटक्का उघडतो पाचच्या चहाला.
त्याच्या पाकळीवर थेंब ठरत नाही,
वास मात्र ठरतो, जिन्यात,
दुसऱ्या मजल्यावरच्या कुदळ्यांच्या
तळणीतूनही वाट काढत वर जातो.

मी गोगलगायी वेचते, चिमट्यानं.
डब्यात मीठ घालायचं असतं. मी घालत नाही.
डबा भिंतीपलीकडे रिकामा करते,
आणि त्या रात्रीतून परत येतात.
ह्यांना सांगू नका.

जास्वंदीपाशी मात्र थबकले.
अठ्ठावीस फुलं. मोजली.
कालची मिटून लोंबतायत, परवाची चिखलात,
आणि एकही तोडलेलं नाही.

आता सांगायलाच हवं.
चार वर्षं रोज पहाटे साडेपाचला
खळदकर आकडीची काठी घेऊन येतात,
कुंपणाबाहेरून फांदी वाकवतात,
दुधाच्या पिशवीत फुलं भरतात.
मी खिडकीतून ओरडले आहे.
सेक्रेटरीकडे अर्ज दिला आहे.
शेवटी स्वतः पाटी रंगवली :
कृपया फुले तोडू नयेत.
खळदकरांनी चष्मा पुसून ती वाचली
आणि म्हणाले, अक्षर छान आहे.

पाटीकडे पाहिलं.
शेवटचा शब्द पावसानं नेलाय.
कृपया फुले तोडू
एवढंच उरलंय, ओघळलेल्या निळ्यात.

मग तोडली.
तळजाईवरून उतरणारं तांबडं पाणी
घोट्याशी घेत दोन गल्ल्या ओलांडल्या.
घर माहीत नव्हतं. इस्त्रीवाल्या यमाजीला विचारलं.
ते होय? म्हणाला,
शनिवारी घसरले की दुधाला जाताना.

खळदकर पलंगावर, प्लास्टर उशीवर.
मला पाहून आधी काठी शोधली त्यांनी, सवयीनं.
मी पिशवी पुढे केली.
एकेक फूल दिव्याखाली फिरवून पाहिलं,
सोनारानं गहाणाची अंगठी पाहावी तसं.
ही दोन कालची आहेत, म्हणाले.
आणि देठ ठेवायचा असतो, बोटभर.
बरं, म्हटलं, उद्या ठेवीन.
सुनेनं चहा दिला. आलं बेताचं, साखर फार.

परत आले तर दार बसलेलं.
हे आतून ओढतायत, मी बाहेरून खांदा देतेय,
दोघंही एकमेकांना चुकीच्या सूचना.
इतक्यात ढग जरा पातळ झाले, थांबले नाहीत,
नुसते पातळ झाले, आणि मागून
सोनटक्क्याचा पहिला वास आला.

ह्यांना म्हटलं, असू द्या.
सावकाश काढा.