तांत्रिक खंड

फाइल रात्री अकराला येते.
बावीस पानं, वालेन्सियातलं संत्र्यांचं गोदाम,
उद्या नऊच्या आत इंग्रजीत. शब्दाला नव्वद पैसे.
कूलरमध्ये दोन बादल्या ओतून मी बसते.
मानेवाड्यातला मे महिना,
भिंतीला पाठ टेकावी तर भिंतीलाच ताप.

मेदिया होर्नादा.
सोपं आहे. पार्ट टाइम. एक रुपया ऐंशी पैसे.
पण होर्नादा म्हणजे दिवसभराचं काम,
आणि जुन्या अर्थाने
एका दिवसात चालून होईल तेवढी वाट.
अर्ध्या वाटेवरचा माणूस
इंग्रजीत नुसता पार्ट टाइम होतो,
कुठवर पोचला होता ते कागदावर येत नाही.

ही भाषा मी बर्डीवर शिकले,
कुकर दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत.
खाली शिट्ट्या तपासायचे, वर आम्ही क्रियापदं.
दिवसा मी काटोल रोडच्या कॉलेजात, तासिका तत्त्वावर.
तत्त्व हा शब्द आधी मला
तत्त्वज्ञानाच्या पेपरातला वाटायचा.
तत्त्व असं, की शिकवलेला तास मोजायचा.
वर्गापर्यंतचा जिना आपला आपण चढायचा.

पान नऊ. फिहो दिस्कोन्तीनुओ.
कायम, आणि तुटक.
एजन्सीच्या यादीत लिहिलंय, परमनंट सीझनल.
मी ते खोडते, पुन्हा लिहिते, पुन्हा खोडते.
माझ्या कपाटात सहा आदेश आहेत:
'एक मेपासून तांत्रिक खंड देण्यात येत आहे.'
देण्यात येत आहे,
जसा काही प्रसाद.

खाली ओट्यावर देवकाबाई जागी.
कळमन्यात संत्री निवडते, लहान मोठी डागी.
आंबिया बहार झाला, मृग झाला, आता हात रिकामे.
मी गॅलरीतूनच विचारते,
संत्री नसतात तेव्हा तुम्ही कोण असता?
'कोन म्हंजे? देवकाच असतो न वो मी.
काम हाय तं हाय. सेठचा फोन आला का जातो.
एकवीस वर्सं झाले.'

इतकं नेमकं मला इंग्रजीत जमत नाही.

पान चौदा. यामामिएन्तो.
हंगाम आला की कामगाराला बोलावलं जाईल,
ज्येष्ठतेच्या क्रमाने, लेखी,
आणि तो आला नाही तर त्याने काम सोडलं असं धरलं जाईल.
मी लिहिते, कॉल.
आपल्याकडे बोलावणं आलं म्हटलं
की बायका पदर सावरून विचारतात, कोण गेलं?
माझं येतं जुलैत.
ढोबळे क्लार्कचा मिस कॉल.
मॅडम, मुलाखतीला या. तीच प्रमाणपत्रं, नव्या झेरॉक्स.
आणि आम्ही सात जणी त्याच बाकावर,
एकमेकींना पहिल्यांदाच भेटल्यासारख्या.

पान सतरा.
दोन हंगामांमधला काळही
सेवेत धरला जाईल.

मी चष्मा पुसते. पुन्हा वाचते.
असल्या वाक्यात कुठेतरी एक 'नाही' असतो,
स्वल्पविरामामागे, उपकलमात, तळटीपेत दडलेला.
शब्द-शब्द उचलून खाली बघते,
जशी देवकाबाई संत्रं फिरवून
देठाकडून बघते.
'नाही' कुठेच नाही.

अकरा शब्दांचं वाक्य. नऊ रुपये नव्वद पैसे.
त्याला मी पाऊण तास लावला.

पाच वाजता फाइल पाठवली,
मग तेवढं एक वाक्य मराठीतही केलं,
विजेच्या बिलामागे, पेन्सिलीने.
ते कुणी मागितलं नव्हतं.
कूलर कोरडा घरघरत होता.
बादली घेऊन खाली गेले.
नळावर देवकाबाईचा नंबर माझ्या आधी होता.