शेवटचा आठवडा

डिसेंबर. सुपीरियरवरून वारा.
वेइक्कोची कुत्री एका कानानं बहिरी,
नाक तेवढं अजून तरुण.

दोन तास बर्चच्या रानात. काही नाही.
मग पायापुढचा बर्फच फुटतो:
आत निजलेला ग्राउज
पांढरा भुगा उधळत वर,
आणि बंदूक खांद्याला लागेस्तोवर
नुसती हलती फांदी.
वेइक्को शिवी हासडतो,
फिनिशमधली, आईकडून आलेली,
आणि हसतो.

दुसरा मात्र पडतो, गोठल्या ओढ्यापाशी.
हातात अजून ऊब.

रात्री मोरीत तो
पाखराच्या गळ्याची पिशवी चिरतो.
अ‍ॅस्पेनच्या कळ्या. मूठभर, घट्ट, ओल्या.
मे महिन्यात यांची पानं झाली असती.

पिसं कागदात गुंडाळतो.
कळ्या राहतात खिडकीत,
सायमीच्या चष्म्याशेजारी,
जो त्यानं तिथून
अजून हलवलेला नाही.