दशी

मल्लेशमचा हात कानापाशी जातो,
चार बोटं धान्य पाखडल्यासारखी हलतात,
मग तो पुढं-मागं, पुढं-मागं.
खाटेचा एक पाय आखूड आहे,
त्यामुळं साखर पेठेतल्या निम्म्या बोळाला कळतं
मल्ली उठला.

लोक म्हणतात, मागाचा ठेका उचलला पोरानं,
झोळीच कारखान्यात बांधलेली होती ना त्याची.
ऐकायला बरं वाटतं.
मी मोजून पाहिलंय, एका मे महिन्यात,
शेजारी चिलवेरींचे चारही माग चालू असताना.
जुळत नाही.
धोट्याचं धोट्यापाशी, त्याचं त्याच्यापाशी.
शिवाय वीज गेली की माग थांबतात.

अम्मानं एकतीस वर्षं विड्या वळल्या.
मांडीवर सूप, ओला पाला, पत्र्याचं माप, कात्री,
चिमूटभर तंबाखू, गुंडाळ, दुमड, दोरा.
दिवसाला हजार, त्यात छाट निघायची ती वेगळी.
आता कार्ड बंद झालं,
तरी झोपेत तिची बोटं
चादरीची कड वळत राहतात.
तिला कुणी दवाखान्यात नेलं नाही.
हजारी पैसे मिळाले की ते काम,
फुकट केलं की लक्षण,
असा काहीतरी हिशेब असावा.

पेद्दनान्नाच्या धाकटीच्या लग्नात
स्टेजवर फोटोला उभे राहिलो सगळे.
बँड, हळद, आतषबाजीचा वास, दोनशे वॅटचे दिवे,
आणि मल्लीचे हात निघाले उडायला.
पेद्दनान्नानं दोन्ही मनगटं मागून धरली,
मायेनंच. एक मिनिट रे, एकच मिनिट.
फोटोत हात अगदी शहाणे आले आहेत.
चेहरा मात्र कुणाचा आहे, सांगता येत नाही.
त्या रात्री त्यानं स्वतःचा अंगठा चावला, रक्त निघेपर्यंत.
अम्मानं हळद दाबली, काही बोलली नाही,
आणि अल्बम आला तेव्हा तो पाला ठेवायच्या पेटीत
सगळ्यात खाली घातला.

मी पतसंस्थेत कॅशला बसते.
नोटा मोजते, शंभरच्या, पन्नासच्या,
अंगठा ओला, अंगठा ओला. पगार मिळतो.
ड्रॉवरमध्ये स्टॅम्पपॅडच्या मागे
टॉवेलची एक दशी आहे, हिरवी,
चिलवेरींच्या छाटमालातली.
पासबुकावरून कुणी ओरडलं, पंखा करकरला,
सर्व्हर बसला आणि रांग बाहेर उन्हात गेली,
की डावा हात तिकडे जातो.
पीळ, उकल, पीळ, उकल.
वर चेहरा हसरा असतो. बोला काका.
तिसरीत बाईंनी पट्टी मारली होती बोटांवर,
काय सारखं चाळा करतेस.
तेव्हापासून टेबलाखाली.
मल्लीला लपवणं जमलं नाही,
मला जमलं, म्हणून मी शहाणी.
सव्वीस वर्षांत कुणी मनगट धरलं नाही माझं,
मीच धरून बसले होते.

परवा रात्री लाइट गेली.
चव्वेचाळीसचा दिवस, भिंती अजून गरम.
माग गप्प, बोळ गप्प,
फक्त खाटेची टकटक, टकटक.
मी पर्समधून दशी काढली
आणि त्याच्या शेजारी जाऊन बसले,
मांडीवर, उघड्यावर,
अम्मा बघत असताना.
पीळ, उकल.
माझं त्याच्याशी जुळत नव्हतं,
त्याचं माझ्याशी नव्हतं.
खाट दोघांना पुरत नव्हती. तो थोडा सरकला.

मग त्यानं माझ्या हातातून दशी घेतली,
नाकाशी नेली, डोळ्यांपुढून एकदा फिरवली
आणि परत दिली.
रंग पसंत पडला नसावा.

दारात अम्मा बसलेली,
हातात काहीच नाही
आणि बोटं चालू.