उभ्या जागी ब्रेक

सालोच्या आमच्या कारखान्यात
म्हाताऱ्यांसाठी चाकांचे वॉकर बनतात.
पुढे टोपली, मधे टेकायला फळी.
त्यांची मूठ सव्वीस वर्षं वेइक्को घडवत आला,
ओल्या मातीत स्वतःचा पंजा रुतवून,
मग घरी जाऊन आईच्या पंजाशी ताडून.
किती जाड ठेवायची, विचारलं
तर म्हणे, "पुरेल इतकी."

गेल्या नोव्हेंबरात मुठीत सेन्सर आले,
मोहरीएवढे.
एकशेचाळीस वॉकर, एकशेचाळीस घरं.
सह्या घेतल्या, नावं पुसली, क्रमांक दिले
आणि भिंतीवर एक मोठा पडदा लागला,
जिथे आधी मातीचे नमुने वाळत असत.

पहिले दोन आठवडे तिकडे कोणी फिरकलं नाही.
तिसऱ्या आठवड्यात आम्ही एकमेकांकडे बघणं सोडलं.
मीटिंगमध्ये "मला वाटतं" म्हणायची लाज वाटू लागली.
इल्पो तर कॉफीसुद्धा आलेखाला विचारून ओतायचा.
वेइक्को खुर्ची फिरवून बसे,
पडद्याकडे पाठ.

खोटं कशाला बोलू,
पडद्याने आम्हाला शहाणं केलं.
डावं चाक थंडीत आखडतं,
सहा वर्षं आम्हाला याची गंधवार्ता नव्हती,
त्याने चार दिवसांत पकडलं.
वेइक्को म्हणाला, "हं."
त्याच्याकडून हे मानपत्रच.

फक्त एक गोष्ट बसेना.
चाकं थांबलेली. जमीन सपाट. तरी ब्रेक दाबलेला.
दाब, सोड. दाब, सोड.
मग बराच वेळ नुसता धरून ठेवलेला.
क्रमांक सत्त्याऐंशी, रोज, साडेचार ते पाच.
आणखीही काही होते, अधूनमधून.

तूलिक्की म्हणाली, सेन्सर बिघडला असेल.
इल्पो म्हणाला, कचरा आहे, गाळून टाकू.
गाळलाही, एका बोटासरशी.
आलेख कसा सपाट झाला
नुकत्याच इस्त्री केलेल्या चादरीसारखा.

सत्त्याऐंशी म्हणजे कोण, हे आम्हाला कळायची सोय नव्हती.
ती आम्हीच ठेवली नव्हती.
वेइक्कोने मग एकशेचाळीस पत्रं लिहिली, हाताने,
सगळ्यांना एकच प्रश्न:
उभं असताना ब्रेक का दाबता?
पत्ते राउहाने दार लावून डकवले.

एकतीस उत्तरं आली.
बारा जणांनी चाकांबद्दल तक्रार केली,
एकाने आमच्या टोपलीला शिव्या घातल्या, खणखणीत.
आणि पेर्निओच्या हिल्क्काबाईंनी लिहिलं:
"बहीण लुलेओहून फोन करते.
मी फोन टोपलीत ठेवते, आवाज मोठा करून.
ती रडायला लागली की मी मूठ दाबते.
जवळ दुसरं काही नसतं दाबायला."

हिल्क्काबाई म्हणजेच सत्त्याऐंशी का?
माहीत नाही. वेळ त्यांनी लिहिली नव्हती.
तूलिक्कीने पत्र दोनदा वाचलं
आणि गाळलेलं सगळं
कोणाला न विचारता परत आणलं.
चादर पुन्हा चुरगळली.

नव्या मुठीवर, ब्रेकच्या वर, अंगठ्याजवळ,
वेइक्कोने रबराची एक उशी बसवली.
ती काही करत नाही.
तिला तार जोडलेली नाही, सेन्सरही नाही.
खर्चाच्या बैठकीत तिच्यावरून दोन तास भांडण झालं,
नगामागे चाळीस सेंट.
इल्पोने विचारलं, ती कोणी वापरते का, हे कळणार कसं?
"झिजेल," वेइक्को म्हणाला.

मे महिन्यात अकरा वॉकर दुरुस्तीला आले.
सात उश्या कोऱ्या करकरीत.
दोन जागेवर नव्हत्याच.
एकीवर जॅमचा डाग.
आणि एकीचा मधला भाग
खोलगट, चकचकीत,
जुन्या चमच्यासारखा.

इल्पोने तिचा फोटो काढलाय.
कोणत्या रकान्यात टाकायचा,
अजून विचारत फिरतोय.