निदानरेषा

डंडीच्या क्रीडाकेंद्रात, बॅडमिंटनच्या हॉलमध्ये
दोन नारिंगी शंकू, मधे दहा मीटर.
मॉरव्हेन बोटाला चिमटा लावते.
सहा मिनिटं, म्हणते, जमतील तितक्या फेऱ्या.
थांबलात तरी हरकत नाही, मिसेस गॉरपाडी,
फक्त घड्याळ थांबणार नाही.

तिच्या हातात तक्ता, शून्य ते दहा.
किती धाप लागली ते आकड्यात सांगायचं.
पहिल्या दिवशी चौथ्याच फेरीला भिंत धरली
आणि आकडा शोधत राहिले.
आमच्याकडे याला आकडे नव्हते गं.
दम लागायचा, दम जायचा,
वडील दम भरायचे, आई म्हणायची दम धर,
आणि मी धरायचे. खरोखरच धरायचे.
कराडच्या शाळेमागे, चुन्याच्या रेघांवर
परकर खोचून
हुतुतुतुतुतु
सात जणींच्या अंगणात शिरायचं.
कुणाला शिवलं नाही तरी चालेल,
पण निदानरेषा ओलांडल्याशिवाय
परतायचं नाही.
आणि दम स्वतःचा हवा.

गेल्या जानेवारीत एकोणीस दिवस
मी पलीकडच्या अंगणात होते.
घशात नळी, आणि माझ्या वतीनं
एक यंत्र हुतुतू म्हणत होतं.
दुसऱ्याचा दम. सरळ सरळ फाऊल.
कुणी शिट्टी वाजवली नाही.
पंच नव्हतेच बहुधा,
किंवा तेही मास्क लावून उभे होते.

परत आले ती मांड्यांची चिपाडं घेऊन.
खुर्चीतून उठणं हाच व्यायाम:
हात छातीवर आडवे, ऊठ, बस, ऊठ.
शाळेत ही शिक्षा होती.
इथे मॉरव्हेन टाळ्या वाजवते.
ओठांचा चंबू करा, म्हणते,
मेणबत्ती हलेल पण विझणार नाही, इतपत फुंकर.
मेणबत्ती कशाला?
मी उतू जाणाऱ्या दुधावर घालते.

शेजारी इओन, पोस्टमन,
अडतीस वर्षं या गावचे चढ चढलेला.
आता लाकडी पायरीवर पाय ठेवून असा उभा राहतो
जसा पत्ता चुकलाय.
शीना दोन मंगळवार आली नाही.
तिची खुर्ची कुणी हलवली नाही,
कुणी विचारलंही नाही.
तिसऱ्या मंगळवारी आली, केस जांभळे रंगवून.
आम्ही सगळे उगाचच खोकलो.

आज दोनशे नव्वद मीटर.
मॉरव्हेन लिहून घेते. धाप?
पाच, म्हणते मी.
होती सात.

घरी तेरा पायऱ्या.
माझा बिछाना अजून खालीच, सोफ्याशेजारी,
ऑक्सिजनची रिकामी नळकांडी नेली
तिथे गालिच्यावर अजून गोल वळ आहे.
सातव्या पायरीच्या लाकडाला एक चीर गेलीय.
ती माझी निदानरेषा.
एका दमात तिथवर अजून पोचत नाही.
चौथीवर बसते.
श्रीरंग वरून वाकून विचारतो, येऊ का खाली?
हातानंच नको म्हणते.
बोलायला लागेल तेवढा दम
मी दुसऱ्या कामासाठी राखून ठेवलाय.

खिडकीबाहेर टे नदी, ओहोटीची, चिखल उघडा.
कठडा धरून पुटपुटते,
हु तु तु
आणि पाचवीला हात लावते.