एक जानेवारी

वीज गेली की आमचा कॉम्प्युटर
एक जानेवारी दोन हजार दोनला जाऊन बसतो.
तेव्हा तर तो विकतही घेतलेला नव्हता.
काळ्या पडद्यावर पांढरी ओळ येते,
पुढं जायचं असेल तर एफ-वन दाबा.
मी दाबतो.
चष्मा कपाळावर सारून तारीख, महिना, साल भरतो,
हाताला धरून त्याला आजपर्यंत आणतो,
मग मिलचा हिशेब उघडतो:
धान किती आलं, तांदूळ किती उतरला,
कणी किती, कोंडा कोणी नेला.
दिवसातून तीनदा, कधी चारदा.

योगराज कटरे तिरोड्याहून आला.
चार स्क्रू काढून बशीत ठेवले.
आत कोंड्याची साय,
पंख्याच्या पात्यांना लव फुटलेली,
कोपऱ्यात पालीची दोन अंडी, एक रिकामं.
"काका, हे तं ढोली होय धानाची."
तो फुंकत राहिला, शिंकत राहिला.

"या जातीची रॅम आता भेटत नाही.
जुनी भेटन, नागपूरले, बाराशेत.
डिस्क बदलू, दोन हजार. मंग पळन.
किती दिवस पळन, ते मले इचारू नका.
नवीन घ्या तं तीस हजार पकडा,
अन् तुमचा हिशेबाचा प्रोग्राम त्याच्यात चालन का नाही,
मी लिहून नाही देत."

पाठकोऱ्या पावतीवर मी आकडे मांडले.
छत्तीस वर्षं मुनीमकी केली, बेरीज चुकली नाही.
पण पाचवीतल्या खेमेश्वरीनं
याच्यावर काढलेली निळी गाय
जमेत धरायची की खर्चात?
गाईला पाच पाय आहेत.
पाचवा शेपूट असेल, असं यमुना म्हणते.

फोनवर खेमेश्वरी म्हणाली,
"बाबा, फेका ना ते आता.
मी लॅपटॉप पाठवते. मांडीवर घेऊन बसायचं."
माझ्या मांडीवर तिचा पोरगाही
दोन मिनिटं टिकत नाही.
यमुना तांदूळ निवडता निवडता बोलली,
"टीव्ही बदलला तवा एवढा इचार नाही केला."
खरं आहे. टीव्हीला रोज
आजची तारीख सांगावी लागत नव्हती.

स्क्रू आवळायच्या आधी योगराजनं
आतून रुपयाएवढी चकती उचकटली.
"सेल मेला, काका. म्हणून तारीख भुलते.
तीस रुपये. टाकू?"
टाक म्हटलं.
बाकीचं पाहू, हंगाम उरकल्यावर.

रात्री वीज गेली, पहाटे आली.
पंखा घरघरला, नेहमीची अकरा मिनिटं लागली,
आणि काहीच न विचारता तो उघडला.
कोपऱ्यात आजची तारीख,
मिनिटासकट बरोबर.
माझं बोट एफ-वनवर तसंच.

मिलचा भोंगा व्हायला वेळ होता.
गाय उघडून बसलो.
चहावर साय धरली.